वास्तूचे पाठभेद

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, नीरा आणि भीमा जिथे एकमेकींना मिळतात तिथे, नरसिंहपूर वसले आहे. गाव इंदापूर तालुक्यातले. पलीकडच्या तीरांवर सोलापूर जिल्ह्यातले माळशिरस आणि माढा हे तालुके. प्रल्हादाने या संगमावर नृसिंहाची वाळूची मूर्ती घडवून पूजा केली, अशी स्थळकथा आहे. त्या कथेच्या जागी आज लक्ष्मी-नृसिंहाचे काळ्या दगडातले भारदस्त मंदिर आहे आणि नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंहजयंतीची यात्रा भरते. मंदिराच्या उभारणीशी विंचूरकर सरदारांचे नाव जोडलेले आहे. मंदिर कोणी बांधले, या प्रश्नाचे उत्तर 'विंचूरकरांनी' असेच मिळते. 'बांधले' हे क्रियापद आपण पैसा देणाऱ्याला लावतो. जोत्याची उंची ज्याने ठरवली, पहिल्या पायरीची जागा ज्याने नदीकडे बघून नक्की केली, तो पाथरवट त्या वाक्यात येत नाही. त्याने कोणत्या शक्यता मनात आणल्या आणि कोणत्या टाकून दिल्या, हे तर कोणत्याच वाक्यात येत नाही.

हा लेख त्या टाकून दिलेल्या शक्यतांविषयी आहे. निमित्त मात्र अगदी आजचे आहे. वास्तू कशी सुचली आणि कशी आकाराला आली, याची नोंद करून ती यजमानाला दाखवण्याची पद्धत आता महानगरांतल्या मोठ्या कार्यालयांपुरती उरलेली नाही. बारामती, इंदापूर, अकलूज या पट्ट्यात उसाच्या, डाळिंबाच्या किंवा दुधाच्या पैशातून शेतात बंगला बांधणारा माणूसही आता 'थ्रीडी दाखवा' म्हणतो आणि वास्तुविशारद त्याला मोबाइलवर दोन-तीन मिनिटांची फिल्म पाठवतो. तिच्यात कधी हाताने काढलेली रेखाटने असतात, कधी संगणकावर उभ्या राहणाऱ्या भिंती, कधी पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीवर फिरणारा कॅमेरा. वास्तुविशारदाच्या कार्यालयात यजमानाला 'क्लायंट' म्हणतात. मी येथे 'यजमान' हाच शब्द वापरतो, कारण तो विंचूरकरांनाही लागू पडतो आणि शेतात बंगला बांधणाऱ्यालाही.

या फिल्मकडे आपण सहसा जाहिरात म्हणून बघतो आणि सोडून देतो. माझ्या मते तो एक लेखनप्रकार आहे. त्याला संकेत आहेत, रचना आहे, निवेदक आहे, आणि म्हणून त्याची समीक्षाही व्हायला हवी.

त्याची रचना जवळजवळ ठरलेली असते. आरंभी कोरा कागद. त्यावर एक हात येतो, पेन्सिलीची एक सैल रेघ ओढतो. मग सूर्याची दिशा दाखवणारा बाण, वाऱ्याचा बाण, एखादे जुने झाड. रेघांचा नकाशा होतो, नकाशातून भिंती वर येतात, भिंतींना रंग चढतो आणि शेवटी संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात पूर्ण झालेले घर दिसते. पोर्चमध्ये गाडी उभी असते, हिरवळीवर एखादे मूल धावत असते. शेतातल्या बंगल्याच्या फिल्ममध्येही ट्रॅक्टर क्वचितच दिसतो. कडब्याची गंज, पाण्याची मोटार, खतांच्या गोण्या, दारात चपला काढून बसलेले गडीमाणूस यांना तिथे जागा नसते. या सगळ्या गोष्टी त्या घरात पहिल्या दिवसापासून असणार आहेत, हे यजमानाला ठाऊक असते आणि वास्तुविशारदालाही. तरी दोघेही ते चित्र आनंदाने बघतात.

वास्तवाची ही काटछाट एक वेळ क्षम्य आहे. निवेदनातला दोष अधिक गंभीर आहे. या कथेत एकच रेघ असते आणि ती पहिल्यापासून शेवटाकडेच निघालेली असते. वास्तुरचना करणाऱ्या कोणालाही माहीत आहे की, काम असे होत नाही. जिना तीन वेळा हलतो. स्वयंपाकघर पूर्वेला घ्यावे तर गोठ्याचा वास येतो, पश्चिमेला घ्यावे तर दुपारी भाजून निघते. आजींसाठी तळमजल्यावर खोली हवी म्हणून बैठकीची खोली लहान होते. वास्तुशास्त्र सांगणारा येऊन प्रवेशद्वार फिरवतो. बजेट संपते आणि वरचा मजला पुढच्या हंगामावर जातो. प्रत्येक वळणावर काहीतरी निवडले जाते आणि काहीतरी सोडले जाते. फिल्ममध्ये निवडलेले राहते, सोडलेले नाहीसे होते. त्यामुळे जे झाले तेच होणार होते, असा भास तयार होतो. चरित्रनायकाच्या बालपणातच त्याच्या थोरवीची चिन्हे शोधणारी जुनी चरित्रे आपल्या परिचयाची आहेत. ही फिल्म त्याच जातीची आहे.

हा प्रकार संगणकाने आणला असे समजायचे कारण नाही. १९२५ च्या ऑक्टोबरात ल कॉर्ब्युझिए याने पॅरिसच्या कडेला घर बांधू इच्छिणाऱ्या मादाम मेयर यांना एक सचित्र पत्र पाठवले. वास्तुकलेच्या इतिहासात ते प्रसिद्ध आहे. एकाखाली एक रेखाटने मांडून, त्यांच्यामधून मजकूर ओवत, तो बाईंना घरात फिरवतो: प्रवेश, बैठक, वरचा मजला, गच्ची, गच्चीवरून दिसणारी झाडी. आजच्या 'वॉकथ्रू'चा हा कागदावरचा पूर्वजच. पत्राच्या अखेरीस तो आग्रहाने सांगतो की हा आराखडा घाईघाईत खरडलेला नाही, तो दीर्घकाळ मुरवलेला आहे. म्हणजे विचाराला लागलेला वेळ हाच येथे विक्रीचा मुद्दा झाला. पत्र देखणे आहे. ते घर मात्र बांधले गेले नाही. बाईंसाठी एकामागून एक वेगवेगळे आराखडे झाले. त्या दोन आराखड्यांच्या मधल्या काळात काय अडले, काय पटले नाही, याचा सुगावा ते सुंदर पत्र लागू देत नाही.

आपल्याकडे यजमानाला काय दाखवले जात असे? मराठी कागदपत्रांची परंपरा मोठी आहे, पण बांधकामाच्या बाबतीत ती प्रामुख्याने हिशेबाची आहे. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची आणि खर्च १६,११० रुपये. हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. मजुरी, चुना, लाकूड, दगड यांचा जमाखर्च यजमानाच्या डोळ्यांखालून जात असे. विचाराची नोंद त्या वह्यांत येत नाही.

तरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शनिवारवाड्याविषयी सांगितली जाणारी आख्यायिका अशी की वाडा संपूर्ण दगडात उठायचा होता. दगडी वाडा बांधण्याचा मान छत्रपतींचा, अशी तक्रार साताऱ्याला शाहू महाराजांकडे गेली आणि जोत्यावरचे काम विटांचे झाले. ही कथा इतिहासाच्या कसोटीला किती उतरेल हा वेगळा प्रश्न. लोकांच्या आठवणीत हिशेबाच्या आकड्याच्या जोडीने नेमकी कोणती गोष्ट टिकली, ते पाहावे. टिकला तो न झालेला वाडा आणि तो का झाला नाही याचे कारण. आज खाली दगड आणि वर वीट असे जे दिसते, त्याचा अर्थ त्या सोडून दिलेल्या शक्यतेमुळे लागतो.

दुसरी गोष्ट भाषेची. वाड्याचे माप 'खणां'त सांगितले जाई. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. ओसरी पाच खणांची की सात खणांची, एवढे म्हटले की यजमानाला, सुताराला आणि गवंड्याला एकच गोष्ट दिसत असे. पुढे फक्की टाकून जमिनीवरच घराची आखणी व्हायची. दोरी, गुण्या, ओळंबा घेऊन गवंडी उभा आणि घरची माणसे फक्कीच्या रेघांमध्ये चालून बघताहेत, माजघर इथे, देवघर तिथे. एखादी म्हातारी म्हणे, दार एवढे पुढे नको, आणि फक्की पायाने पुसली जाई. या पद्धतीत कागदी नोंद उरत नसे. नोंदीची गरजही नव्हती, कारण रचना यजमानाच्या समोर आणि त्याच्या सहभागाने होत होती. जात, पैसा आणि मान यांच्या उतरंडीने त्या सहभागालाही मर्यादा होत्या. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण पुसलेली रेघ सगळ्यांनी पाहिलेली असे, एवढे खरे.

नंतर नकाशा आला, परवानगी आली, काँक्रीट आले, आणि खणाची सामाईक भाषा गेली. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने व्यवसायाला कायदेशीर रूप दिले. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरने कामाच्या अटी घालून दिल्या आणि संकल्पनेपासून काम पूर्ण होईपर्यंतचे टप्पे ठरवून त्यांना मानधनाचे हप्ते जोडले. रचनेची प्रक्रिया अधिकृतपणे नोंदली गेली ती हप्त्यांची यादी म्हणून. नकाशा वाचता न येणारा यजमान सही करतो आणि भिंत उभी राहिल्यावर म्हणतो, खोली एवढी लहान असेल असे वाटले नव्हते. थ्रीडी चित्राने आणि फिल्मने ही अडचण बरीच दूर केली, हे मान्य केले पाहिजे. घरातल्या ज्या बाईला नकाशासमोर कोणी बसवले नसते, ती आता मोबाइलवर स्वयंपाकघर बघून ओटा उलट्या बाजूला हवा असे सांगू शकते. ही कमाई लहान नाही.

पण दिसणे आणि निर्णयात असणे यांत फरक आहे. हा फरक समजावून घेण्यासाठी पुण्यातल्याच एका मोठ्या कामाकडे वळावे असे मला वाटते. ते काम वास्तुकलेच्या क्षेत्रातले नाही, ग्रंथसंपादनाच्या क्षेत्रातले आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि १९६६ साली पूर्ण केले. १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी घालून दिलेली पानाची रचना पाहण्यासारखी आहे. वर संपादकांनी स्वीकारलेली संहिता. खाली, रेघेच्या पलीकडे, न स्वीकारलेले पाठ आणि ते कोणत्या पोथ्यांत मिळतात याची नोंद. मोठे प्रक्षेप परिशिष्टात. आणि जिथे स्वीकारलेल्या पाठाविषयी संपादकाचीच पुरती खात्री नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ.

या रचनेत संपादकाने निर्णय टाळलेला नाही. त्याने एकच पाठ निवडला आणि तो वर छापला. मात्र वाचकाच्या हातात तो निर्णय तपासण्याची साधनेही ठेवली. ज्याला खालचा पाठ अधिक सयुक्तिक वाटेल, त्याला तसे म्हणायला जागा आहे. शंका कुठे आहे हेही संपादकानेच दाखवून दिले आहे. यजमानाला दाखवायच्या नोंदीकडून माझी अपेक्षा हीच आहे. आजची फिल्म म्हणजे पाठभेद वगळून छापलेली संहिता आहे. देखणी, सुवाच्य आणि वादाला जागा न ठेवणारी. यजमानाला हवेत ते पाठभेद: जिना आधी कुठे होता, तो का हलवला, कोणाच्या सांगण्यावरून हलवला, त्यामुळे काय साधले आणि काय गेले. आणि नकाशात एखादी नागमोडी रेघ: इथे पावसाचे पाणी नीट वाहून जाईल असा माझा अंदाज आहे, पण खात्री नाही.

हे पाठभेद हवेत कशाला, असे कोणी विचारील. घर बांधून झाल्यावर वास्तुविशारद जातो आणि यजमान तिथे चाळीस वर्षे राहतो. त्या काळात तो घर बदलत असतो. भिंत पाडतो, गच्चीवर पत्रा टाकतो, ओसरी बंद करून खोली करतो. मूळ निर्णयामागचे कारण त्याला ठाऊक नसेल तर उत्तरेची खिडकी तो बेलाशक बुजवतो आणि मग खोली का कोंदटली, याचा शोध घेत बसतो. सोडलेल्या पर्यायांची नोंद ही भविष्यातल्या दुरुस्तीची वही असते.

याचा मोठा आणि वेदनादायक धडा महाराष्ट्राने घेतलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली हजारो माणसे मेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आखला गेला आणि ५२ गावे नव्या जागी वसवायचे ठरले. जमीनधारणेनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे ठरली. नव्या गावांची आखणी काटकोनातली, रस्ते रुंद, घरे रांगेत. कोणी फसवले असे नाही. तातडी होती, पुन्हा भूकंप झाला तर काय ही धास्ती होती. पण दाट गावठाणात, दगडमातीच्या भिंतींच्या वाड्यांत राहिलेल्या माणसांसमोर बहुतांशी तयार उत्तर आले. पुढच्या वर्षांत लोकांनी आपल्या हाताने भिंती, कुंपणे, शेड, जादा खोल्या घालून त्या उत्तरात आपले पाठभेद घुसवले.

त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग वेगळा होता. ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, अशा हजारावर गावांत घरांची दुरुस्ती आणि बळकटीकरण घरमालकांनी स्वतः करून घ्यायचे होते. तिथे 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांमधून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. अनुदानाचे नियम, भूकंपरोधक बांधणीच्या पद्धती आणि घरमालकांच्या अडचणी यांची ने-आण त्यांच्यामार्फत होई. तिथे पडद्यावरची फिल्म नव्हती, दारात बसून बोलणारी बाई होती. भिंतीला आडवा पट्टा का घालायचा, हे कळलेला घरमालक गवंड्याला तो पट्टा गाळू देत नाही. रचना कशासाठी, हे यजमानापर्यंत पोचले की तो तिचा राखणदार होतो.

या मागणीवर वास्तुविशारदांचे आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप व्यवहाराचा. तीन पर्याय दाखवले की यजमान पहिल्यातला जिना, दुसऱ्यातली गच्ची आणि तिसऱ्याचे 'एलिव्हेशन' मागतो. शिवाय सगळी रेखाटने हाती आली की तीच घेऊन स्वस्तातल्या कंत्राटदाराकडे जाणारे लोक आहेत आणि राहिलेला हप्ता मग बुडतो. यावर उपाय मानधनाच्या शिस्तीत आणि करारात शोधावा लागेल. शिवाय पाठभेद म्हणजे निवडीसाठी मांडलेला बाजार नव्हे. चिकित्सित आवृत्तीतही संहिता एकच असते. टाकलेला पर्याय 'टाकलेला' म्हणून, कारणासह दाखवायचा असतो. जिना का हलला हे समजलेला यजमान तो परत मागण्याची शक्यता कमी असते.

दुसरा आक्षेप मला अधिक खोल वाटतो. आपण काय टाकतो आहोत हे पुढे दाखवायचे आहे, अशी जाणीव असली की माणूस त्या नजरेसाठी रेघा मारू लागतो. चाचपडणे हे एकांताचे काम आहे. कवीला आपली खाडाखोड प्रकाशकाला दाखवायची असेल तर तो खाडाखोडही सजवून करील. आज अनेक फिल्ममधली 'पहिली' रेखाटने घर पूर्ण झाल्यावर काढलेली असतात, हे त्या धंद्यातले उघड गुपित आहे. म्हणून मला प्रत्येक क्षण टिपणारा कॅमेरा नको आहे. एक साधी वही पुरेल: तारीख, बदल, कारण, कोणाच्या सांगण्यावरून. दहा पानांची अशी वही दोन मिनिटांच्या फिल्मपेक्षा यजमानाचा अधिक मान राखते, कारण ती त्याला प्रेक्षक समजत नाही.

मराठीत वास्तूवर लिहिण्याची जी थोडी परंपरा आहे, तिच्यावर माधव आचवलांच्या 'किमया'चा ठसा आहे. अवकाश, प्रकाश, भिंत यांचा अनुभव शब्दांत पकडण्याचे त्यांनी दाखवलेले सामर्थ्य अजून कोणाला ओलांडता आलेले नाही. आचवल स्वतः वास्तुविशारद होते, बडोद्याला शिकवत होते. त्यांच्यामागून आलेल्या आपण वाचकांनी मात्र पूर्ण झालेल्या वास्तूचा अनुभव तेवढा उचलला. ती वास्तू कोणाच्या होकार-नकारातून आली, हे विचारायची सवय आपण लावून घेतली नाही. कादंबरीचा खर्डा, नाटकाच्या तालमीत बदललेला अंक, यांविषयी आपण आवडीने वाचतो. वास्तूच्या खर्ड्याविषयी आपल्याला कुतूहल नाही आणि म्हणून वास्तुविशारदावर तो दाखवण्याचा दाबही नाही.

हे कुतूहल घराच्या बाबतीत नसले तर नुकसान एका कुटुंबाचे. तीर्थक्षेत्राच्या बाबतीत नुकसान सार्वजनिक असते. अलीकडच्या काळात राज्य शासनाने नीरा नरसिंहपूरसाठी तीर्थक्षेत्र विकास आराखडा मंजूर केला आणि कोट्यवधी रुपयांची कामे हाती घेतली. असे आराखडे महाराष्ट्रातल्या अनेक देवस्थानांना मिळाले आहेत. त्यांचा यजमान कोण? कागदोपत्री शासन. पण दर्शनरांगेत उभी राहणारी, घाटावर अंघोळ करणारी, यात्रेत दुकान मांडणारी आणि पुरात घर रिकामे करणारी माणसे हीच खरी यजमान आहेत. त्यांना सामान्यतः काय दाखवले जाते? एक मोठा फलक. त्यावर निळे आकाश, स्वच्छ फरशी आणि तुरळक भाविक.

नरसिंहपुरात हा प्रश्न पाण्यामुळे अधिक टोकदार होतो. भीमेच्या वरच्या अंगाला १९८० मध्ये पूर्ण झालेले उजनी धरण आहे, नीरेवर वीर धरण आहे. दोन्हींकडून पाणी सुटले की संगमावरच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. याच तालुक्यात उजनीच्या फुगवट्याने पळसदेव बुडाले. पाणी ओसरलेल्या उन्हाळ्यात तिथले पळसनाथाचे जुने मंदिर वर येते आणि लोक ते बघायला गर्दी करतात. अशा ठिकाणी घाटाची नवी पायरी कोणत्या पातळीला घ्यायची, हा निर्णय शोभेचा नाही. जुन्या पाथरवटाने ती पातळी नदीकडे बघून, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून ठरवली असणार. त्याचे कारण त्याने लिहिले नाही, पण ते दगडात उभे आहे. आजची नदी धरणांच्या दरवाजांवर चालते. त्यामुळे आजचे कारण दगडातून वाचता येणार नाही, ते लिहावेच लागेल.

म्हणून फलकावरच्या त्या चित्राखाली एक रेघ मारावी आणि रेघेखाली चार गोष्टी मराठीत लिहाव्यात. घाटासाठी कोणकोणत्या पातळ्यांचा विचार झाला. कोणती सोडली आणि का. गावातून कोणते आक्षेप आले आणि त्यांपैकी कोणते मानले. आणि ज्या गोष्टीची खात्री नाही तिच्याखाली नागमोडी रेघ. यात्रेला आलेल्या हजारोंपैकी पाचपन्नास जण ते वाचतील. त्यांतला एखादा नावाडी, एखादी फुलवाली किंवा एखादा पुजारी थांबून म्हणेल, ही पायरी इथे टिकायची नाही. तेवढ्यासाठी ती जागा मोकळी असली पाहिजे.